चिन्नोरचा वास

नाक माझं चौदा वर्षांपासून सातऱ्यात आहे.
बाकीची मी संध्याकाळी घरी येते.

भिवापूरच्या सातऱ्यात, थंडीभर,
लाल ढिगाच्या कडेला बसून देठ खुडायचे,
किलोवर पैसे.
पहिल्या दिवशी सगळ्याच शिंकतात.
आठ दिवसांत बाकीच्यांच्या शिंका मुरतात.
माझ्या मुरल्या नाहीत.
पंचफुला मोजायची, एका दमात एकोणीस,
आणि म्हणायची, "आता वीस करून टाक वो बाई,
हिशेबाले बरं पडते."

मिरची संपते. नाक संपत नाही.
गाजरगवत, तुरीचा भुसा, गादीतला जुना कापूस,
कशानंही पाणी सुटतं,
कशानं नाही तर नुसत्या पहाटेनं.
उदबत्ती, कढी, नातवाचं डोकं,
वास म्हणून जे काही असतं
ते मी लोकांच्या तोंडून ऐकते.
डाळ करपली की शेजारीण सांगते.

आरोग्य केंद्रातल्या नैताम डॉक्टरीणबाई
वयानं माझ्या धाकटीएवढ्या.
त्यांनी कागदावर नाक काढलं, वांग्यासारखं दिसलं,
त्याला दोन दोऱ्या जोडल्या.
म्हणाल्या, मावशी, नाकात रक्ताच्या गाद्या असतात.
ही नस म्हणते, निवांत बस, पाणी सोड, गाद्या फुगव.
ती नस म्हणते, ऊठ, पळ, वाट मोकळी कर.
तुम्हाला-मला कोणी विचारत नाही.
धडधाकट माणसाच्याही दोन नाकपुड्या
पाळीपाळीनं निजतात, काही तासांनी पाळी बदलून.
तुमच्याकडे पहिलीनं कारभार हातात घेतलाय
आणि सोडतच नाही.

"माह्या घरात एवढं चालते,
अन् मलेच ठाऊक नाही?"
त्या हसल्या. दहा गोळ्या दिल्या, झोप येणाऱ्या.
दुकानातले थेंब टाकत राहू नका म्हणाल्या,
ते आज उघडतात अन् उद्या दुप्पट कोंबतात.
मी टाकत होते. सांगितलं नाही.

मग चैत्रातली ती पहाट.
मोहाखाली वाकलेली मी, टोपली अर्धी,
तोंड उघडं, कारण श्वास तोंडानंच.
पंचफुला पुढच्या झाडाखाली बोलता बोलता गप्प झाली.
ती कधी गप्प होत नाही.

नाल्यापलीकडे पळसाचं बुड हललं
आणि त्यातून पट्टे निघाले.

मी काहीच केलं नाही.
हात टोपलीत तसाच.
पण आत कोणीतरी, मला न विचारता,
सातऱ्याचं शटर वर जातं तसं
सगळं एकदम उघडलं.
डाव्या नाकपुडीत गार वारा, उजवीत गार वारा,
टाळूपर्यंत, कपाळापर्यंत.

आणि वास आला.
आधी मोहाचा, गोड, जरा शिळा.
मग भाताचा.
चिन्नोरचा, नुकता उतरवलेला, झाकण काढलेला,
जंगलात, जिथं कोसभर चूल नाही.
वाटलं, मेले. वर पंगत मांडलीय.

ते गेलं, आमच्याकडे पाठ करून.
पंचफुला रडली, ओकली, मग शिव्या दिल्या
मला, वाघाला, वनखात्याला, त्या क्रमानं.
मी विचारलं, "भात कोठी शिजते वो?"
तिला वाटलं माझं डोकं फिरलं.

वनरक्षक मडावीचा पोरगा नंतर म्हणाला,
वाघ झाडावर खूण मारतो ना,
तिला सुगंधी भाताचाच वास येतो.
जंगलातले म्हातारे तेवढ्यावरून वाट बदलतात.

वेशीजवळच्या ओट्यावर बसले, कोणी पाणी दिलं.
पेला तोंडाशी नेईपर्यंत
डावी बंद. दोन घोटांनी उजवी.
मग शिंका.
पंचफुला मोजत होती, आवाज अजून थरथरता.
वीस झाल्या.

दिवाळीला धाकटीनं चिन्नोर आणला.
ताटावर वाकून मी वाघ आठवला,
मुद्दाम, डोळे मिटून, पट्टा न् पट्टा.
आत कोणी हललं नाही.
खोट्या हाकेला ते उठत नसावेत.