बेलिफाचा शेरा

पहाटे पाचला डोळा उघडतो तो वयामुळे,
आणि फोन उघडतो तो खोडीमुळे.
तिकडे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ.
राष्ट्राध्यक्षांची सही नुकतीच वाळलेली,
कॅमेऱ्यांसमोर धरून दाखवलेली,
आमच्याकडे सातवीचं प्रगतिपुस्तक दाखवतात तशी.

मी चहा ठेवते.
दूध उतू जायच्या आत
कुठल्याशा जिल्ह्याच्या न्यायाधीशबाईंनी
त्या सहीला मनाई केलेली असते.
देशभर.
मी गाळणं हातात धरून उभीच.
देशभर!
मला धनकवडीतल्या एका सामायिक भिंतीवर
मनाई मिळवायला चार वर्षं लागली,
आणि मिळाली तेव्हा भिंतीला दुसरा रंग चालू होता.

साडेदहाला शिवाजीनगर.
बाररूमच्या बाकावर अमेरिका आधीच येऊन बसलेली.
खिंवसरा म्हणतो, नऊ न्यायाधीश, आणि तहहयात!
म्हणजे बदली नाही? गडचिरोली नाही?
मग त्यांना भीती तरी कसली घालतात?
कुणी बोलत नाही. क्रीमरोल येतात.
वारगे आयुष्यभर फक्त अपघाताचे दावे चालवतो,
पण मत त्याला सगळ्यावर आहे.
तो म्हणतो, माफीचा अधिकार एकाच माणसाकडे?
मग तिथले फौजदारीवाले कोर्टात जातात कशाला,
सरळ बंगल्यावर जायचं, पेढे घेऊन.

आम्ही हसतो. मोठ्याने हसतो.
आपल्या घरात पाणी गळतं तेव्हा
शेजारच्यांचं छप्पर उडालेलं बघून
माणूस हसतो, तितपत.

दुपारी उपळेकर आले, लोणी काळभोरचे.
मुलगी ओहायोत, सातवा महिना, व्हिसावर.
खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं,
मॅडम, तिकडे जन्मलेलं मूल तिकडचं,
असं त्यांच्या घटनेत लिहिलंय ना?
लिहिलंय, काका.
मग?

हा 'मग' मी एकतीस वर्षं झेलते आहे.
लिहिलेलं असणं आणि मिळणं
या दोघांच्या मधे माझं ऑफिस आहे.
मी म्हटलं, सातबाऱ्यावर तुमचंही नाव होतं.
ते गप्प झाले.
त्यांच्या जमिनीत चुलतभावाने लावलेली चिकूची झाडं
आता फळं देतात.
फी किती, असं विचारलं त्यांनी उठताना.
परदेशी घटनेची मी घेत नाही, म्हटलं,
तिच्यावर माझं वकीलपत्र नाही.

मधे एकदा वाचलं होतं:
न्यायाधीश म्हणाले, विमान परत फिरवा.
सरकार म्हणालं, विमान तोवर हद्दीबाहेर गेलं होतं.
तिकडच्या विद्वानांनी यावर पानंच्या पानं लिहिली.
मला मात्र एकदम कुदळे बेलिफ आठवला,
काखेत छत्री, कानामागे पेन,
आणि समन्सच्या पाठीवर त्याचं ते वळणदार अक्षर:
'घरास कुलूप. शेजारी विचारता माहिती नाही म्हणाले.
सबब समन्स परत.'

एवढं मोठं प्रजासत्ताक,
संगमरवरी खांब, झगे, अडीचशे वर्षं,
आणि शेवटी हाच शेरा.

म्हणजे हुकूम हा कागदच असतो.
कुणीतरी उन्हात निघून तो दारापर्यंत न्यावा लागतो,
आणि दारातल्या माणसाने दार उघडावं लागतं.
कुदळेला मी दर वेळी रिक्षाचे पैसे देते.
नियमात बसत नाही, पण कुणी विचारू नये.
लोकशाहीचा एवढा तरी खर्च मी उचलला आहे.

साडेसातला तिकडची कोर्टं उघडतात,
तेव्हा मी उद्याचं बोर्ड बघत असते.
अकरा नंबरला विभाजनाचा दावा, सत्त्याऐंशी सालचा.
प्रतिवादी एक ते चार मयत, वारस लावणे बाकी.
मधेच फोन उजळतो. अपीलात मनाई उठली.
पुन्हा उजळतो. अर्धीच उठली.

मग दोन महिन्यांनी एका रात्री उपळेकरांचा मेसेज:
'मुलगी झाली. सहा पाउंड दोन औंस.
दोघी सुखरूप. पुढची तारीख काय?'

मी डायरी काढली, चष्मा लावला.
कुठल्या प्रकरणाची, ते त्यांनी लिहिलेलं नव्हतं.