तोंडचा घास

नियम साधे आहेत, एका पाठकोऱ्या कागदावर छापलेले:
माणशी एकच फोटो.
याच बेटावर, गेल्या बारा महिन्यांत काढलेला.
पाळीव प्राणी नकोत, मेंढ्या पाळीव धरल्या जातील.
फोटोत माणूस नको.

शेवटची तारीख शुक्रवार. आज बुधवार,
आणि येल बेटावर या दिवसांत
बुधवार दुपारी तीनलाच संपतो.
दिवा लावून मेणकापडावर तीन फोटो मांडलेत.
कोपरे वळू नयेत म्हणून एकावर मिठाची बरणी,
दुसऱ्यावर चष्म्याचं घर,
तिसऱ्यावर काही नाही, तो आपसूक सपाट राहतो.

पहिला बाद. पाणकावळा, पंख वाळत घातलेला.
सगळे तोच काढतात.
मागच्या वर्षी सभागृहाच्या भिंतीवर अकरा होते,
जणू कुणाची धुणी.

दुसरा पाहून एर्लेंड म्हणाला,
"मावशी, हाच. विचार कसला करतेस?"
पोस्टाचा गिब्बी हातमोजा काढून वाकला
आणि मिशा मोजल्या त्याने, खरंच मोजल्या, बोट न लावता.
"केस न् केस दिसतोय, ऑस्ला.
यंदा बक्षिसाची किटली तुझी."
पाणमांजरी. खडकावर, निथळणारी,
डोळ्यांत डोळे घालून बघणारी.
फेरीबोटीवर तिकिटं फाडण्यात माझी एकतीस वर्षं गेली,
तेव्हा ती कधी एवढ्या जवळ आली नाही.

पण भिंग धरलं की तिच्या बुबुळात
एक तांबडा ठिपका आहे.
गिब्बी म्हणतो, शाई उडाली असेल.
ती माझी टोपी आहे.

आणि त्या सकाळचं बाकीचं चौकटीत मावलेलं नाही:
माझ्या बुटाखालचा गोटा सरकला,
तिने मान वर केली, मी बटण दाबलं,
आणि तिच्या पंज्यांतली वाम,
अर्धी खाल्लेली, अजून वळवळणारी,
खडकावर तशीच राहिली.
पाण्यावर एक वलय. तेही मिटलं.
मी तासभर बसून होते, गुडघ्यांना गारठा चढेपर्यंत.
ये गं. घेऊन जा. मी बघत नाही.
शेवटी एक कुरव उतरला
आणि दोन हिसक्यांत सगळं आटोपून गेला.

कुणाच्या तोंडचा घास काढायचा
तर किती मोठा आवाज होत असेल, असं वाटायचं मला.
एवढासाच होतो. टिक्.

तिसरा एर्लेंडने उलटा धरला होता,
आणि त्यात त्याची चूक नाही.
उजेड राखेसारखा. अर्धं अंग समुद्रशेवाळाआड,
शेपूट कोणती, शेवाळ कोणतं, मलाही सांगता येणार नाही.
दिसतो तो फक्त जबडा, आणि डोळे मिटलेले,
बटाटा फार गरम असला की
माझी आई मिटायची तसे.
त्या दिवशी वारा माझ्या तोंडावर येत होता.
ती जेवली, खडकावर अंग घासलं, गेली.
मी तिथे होते
हे तिला आजही ठाऊक नाही.

परीक्षक मिस हाल्क्रो, जन्मभर तिसरीच्या वर्गाला शिकवलेल्या,
चष्मा कपाळावर सरकवून विचारतील,
"यात प्राणी कुठाय?"
विचारू देत.
अर्जावर शीर्षकासाठी एक रेघ आहे.
मी लिहिलं: बुधवार.
खोडलं. लिहिलं: जेवताना.
पाकीट चिकटवलं. किटली काय,
माझी जुनी अजून गळत नाही.

दुसरा मात्र फाडवला नाही.
फ्रिजच्या दारावर लावलाय, चुंबकाखाली.
रात्री तळलेला हॅडक घेऊन बसले,
पहिला तुकडा काट्याला टोचला
आणि वर पाहिलं.

ती बघत होती.

मी खुर्ची फिरवून घेतली,
भिंतीकडे तोंड करून जेवले,
आणि मधेच एकदा, घास तोंडात असतानाच,
वळून पाहिलं.