बावीस नंबर

डंडीतल्या ह्या लॅबमध्ये मी आले तेव्हा
गुणसूत्रं कात्रीने कापायचो.
फोटो धुऊन यायचा, त्यात शेहेचाळीस आळ्या
एकमेकींवर पडलेल्या.
त्या सुट्या करून, जोडीला जोडी लावून
पुठ्ठ्यावर खळीने चिकटवायच्या.
शिंकायचं नाही. एकदा एकवीस नंबर उडाला
आणि मी नि फर्गस जमिनीवर ओणवे, अर्धा तास.

आता पडदा आहे. जोड्या तोच लावतो.
मी फक्त बघते, तो चुकला का.

चुका तशा सगळीकडेच.
आठल्ये हे आडनाव ह्या देशात
अकरा तऱ्हांनी लिहून आलंय माझ्या दारात:
ॲथले, अटाली, एकदा तर मिस्टर ॲटली,
तरी गॅसचं बिल बरोबर मलाच.
पेशीतही बहुतेक वेळा असंच होतं.
एवढा मोठा मजकूर उतरवायचा, अक्षर चुकतं,
कोणीतरी मागून येऊन दुरुस्त करतं,
किंवा करत नाही, आणि पत्र पोचतं.

आई फोनवर विचारायची, नक्की काय बघतेस गं दिवसभर?
मी म्हणायचे, ध चा मा कुठे झालाय ते.
तिला पटायचं. मग विचारायची, पण केला कोणी?
ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
इथे कारस्थान नाही, कोणाला गादी नको आहे.
नक्कल उतरवणारा वैर धरत नाही;
फक्त फार वेळा उतरवतो.

मंगळवारच्या काचेवर अक्षराची चूक नव्हती.
नऊ नंबरचं शेपूट तुटून बावीसला,
बावीसचं नऊला.
बावीस मुळातच लहान, तो आणखी आखूड.
त्या सांध्यावर दोन वाक्यं अर्धी अर्धी जुळली आहेत.
एक होतं: हाक आली तरच वाढ.
त्यातलं 'हाक आली तरच' गळून पडलं.
तिथे दुसऱ्याच कुठल्या वाक्याची सुरुवात
येऊन बसली: सगळे मिळून.
सगळे मिळून वाढ.
व्याकरणात खोट नाही.
पेशी आज्ञाधारक. तिने वाचलं आणि वाढली.
तिच्या लेकींनी तेच वाचलं.

(इथे मला मिरजेचं काहीतरी लिहायचा मोह होतो,
तुटून दुसरीकडे जोडलेल्या बाईचं.
नको. मी कोणाचं रक्त नासवलेलं नाही.)

वीस पेशी मोजायच्या असतात. वीसच्या वीस तशाच.
नाव मी शेवटी वाचते, सवयच तशी.
इश्बेल डफस, जन्म एकोणीसशे एक्कावन्न,
पत्ता: माझ्या घरनंबरात दोन मिळवले की येतो तो.

मी खुर्ची मागे सारली.
काच फर्गसकडे दिली, नियमाप्रमाणे. सही त्याची.
तो म्हणाला, ह्यावर गोळी आहे, तुला माहीतच आहे,
लोक म्हातारे होतात त्या गोळीवर.
माहीत आहे.
अडकून बसलेल्या खटक्यात ती पाचरीसारखी शिरते, हेही.

संध्याकाळी टे नदीवरून वारा. कुंपणाशी इश्बेल,
हातात रुबार्बच्या दांड्या, पेपरात गुंडाळलेल्या.
हल्ली दमायला होतं, म्हणाली, वय झालं.
एवढीशी माती उकरली आणि बसलेच.
बोलताना डावा हात बरगडीखाली दाबलेला.
गुरुवारी बोलावलंय हॉस्पिटलात, काहीतरी कागद आलेत म्हणे.
माझ्या जिभेवर नऊ आणि बावीस.
गुरुवारी मला सुट्टी आहे, मी म्हटलं. नव्हती.
गाडी काढते.
कशाला, बस आहे की.
असू दे बस.

घरी येऊन पुडकं सोडलं.
रुबार्बची पानं विषारी असतात.
ती तिने आधीच छाटून दिली होती,
देठाला अगदी लागून,
कात्रीने, सरळ.