वारं

पहिल्यांदा कळलं ते चहामुळे.
घोट तोंडात घेतला, आणि त्यातला अर्धा
हनुवटीवरून पोस्टाच्या निळ्या स्वेटरवर.
वाटलं, कप फुटका आहे.
दुसरा घेतला. तोही फुटका.

मग आरसा.
आरशात माझीच बाई,
पण डावीकडून कुणीतरी शिवण उसवलेली.
हस म्हटलं तिला.
उजवा गाल हसला, मुकाट, सवयीने.
डाव्याला निरोपच पोचला नाही.

शेजारची होविता म्हणाली,
तोंडावरून वारं गेलं गं तुझ्या, एर्सिलिया.
रात्री बोटीतून उघड्या डोक्याने आलीस ना?
तिने लोकरीत गुंडाळून गरम बटाटा
गालाला लावला.
चिलोए बेटावर बटाट्यावर सगळ्यांचा विश्वास,
देवाच्या किंचित खालोखाल.

कास्त्रोतला डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा.
नस सुजली आहे, म्हणाला. येईल परत.
कधी?
त्याने खांदे उडवले,
दोन्ही, अगदी एकसारखे.
मला त्याच्या खांद्यांचा हेवा वाटला.

सव्वीस वर्षं टपाल वाटते मी.
वीजबिलं, पेन्शनची पाकिटं,
दक्षिणेला पुंता अरेनासला गेलेल्या पोरांची पार्सलं.
दार उघडलं की हसायचं
हे कुणी शिकवलं नव्हतं.
हसते, हेच मला ठाऊक नव्हतं
ते बंद पडेपर्यंत.
आता माणसं आधी माझ्या तोंडाकडे बघायची,
मग हातातल्या पाकिटाकडे,
आणि दाराची कडी घट्ट धरून विचारायची:
कोण गेलं?
वीजबिल आहे, मी म्हणायचे,
आणि 'ब' ओठातून निसटून जायचा.

रात्री डावा डोळा मिटायचा नाही.
चिकटपट्टी लावून झोपवायचे त्याला,
हट्टी पोराला दामटून निजवावं तसं.
उजवा त्याच्याआधी झोपायचा.

सप्टेंबरात, कुत्र्यावर ओरडताना,
गाल हलला.
कुत्रं पळालं. मी तिथेच उभी.

नस परत आली खरी,
पण तिचे सगळे धागे आपापल्या घरी गेले नाहीत.
ओठाकडे निघालेला एखादा
पापणीच्या दारात जाऊन बसला.
पत्ता चुकला की काय होतं
हे मी काय सांगावं!
आता बटाटा चावला की डोळ्याला पाणी येतं.
आणि हसले, की डावा डोळा मिटतो,
टपकन, मला न विचारता.
डॉक्टरने हे सांगितलं नव्हतं.
मला कळलं ते दॉन एवारिस्तोमुळे.

एवारिस्तो मिल्लालोंको. वय एकोणऐंशी.
चढावरचं शेवटचं घर,
महिन्याला एकच पाकीट, पेन्शनचं.
ते देताना मी हसले,
कितीतरी दिवसांनी, दोन्हीकडून.
तो पाकीट घ्यायचंच विसरला.
टोपी काढली.
परत घातली.

पुढच्या आठवड्यात त्याच्या नावावर
सांतियागोहून बियाण्यांचा कॅटलॉग.
मग चष्म्याची दोरी.
मग अजून एक कॅटलॉग, कोंबड्यांच्या खुराड्यांचा.
त्याच्याकडे कोंबड्या नाहीत.
फाटकाला पिवळा रंग.
दाढी केलेली, कानाखाली कापलेली.

होविता म्हणते, सांगून टाक बाई म्हाताऱ्याला,
आजार आहे म्हणावं, डोळा मारत नव्हते.
रोज चढ चढताना मी ते वाक्य जुळवते,
फाटकापाशी पोचेपर्यंत ते धापेत विरतं.
परवा म्हणालेही,
दॉन एवारिस्तो, ते त्या दिवशीचं, ते वारं होतं.
तो म्हणाला, हो ना, आजही फार सुटलंय.
आत ये. चहा टाकलाय.

मी हसले.
डोळा मिटला.
शपथेवर सांगते, नसेनेच मिटवला.
उघडायला मात्र
मी थोडा वेळ लावला.