त्सिआलाच्या चौकटी

चिआतुरात लाकूड स्वस्त, काच महाग.
म्हणून त्सिआला दुकानात आली की
मी आधी विचारतो, काच लागेल का?

ती लिनो कोरायची तेव्हा माझं बरं चाललं होतं.
सपाट कागद, चार कोपरे, अक्रोडाची पातळ पट्टी.
चित्रात तिची आई,
खनिज धुण्याच्या कारखान्यात, सरकत्या पट्ट्यापाशी.
मँगनीज काळं, खालची नदी काळी,
हात तेवढे पांढरेफटक.
लिनोचं असंच असतं, म्हणाली,
जितकं कोरावं तितकं कोरं उमटतं.
हातांवर तिने अख्खा हिवाळा घालवला होता.

मग बिस्किटाच्या डब्याला सुईने भोक पाडून
तिने त्याचा कॅमेरा केला
आणि रोपवेच्या गंजक्या पाळण्यात ठेवला, आठ-आठ मिनिटं.
जे हललं ते उमटलं नाही.
पहाटपाळीच्या बायका चढल्या, उतरल्या,
फोटोत नुसता बाक.
तळहाताएवढ्या फोटोला केवढी चौकट करायची?
आम्ही भांडलो. मी मोठी केली.

पुढे भट्टी आली.
नदीकाठची काळी भुकटी झिलईत कालवून
तिने थाळ्या भाजल्या,
काळं आत गेलं, वांगी रंगाचं बाहेर आलं.
आईने एक थाळी उलटी करून पाहिली,
नखाने टिचकी मारली,
म्हणाली, यात लोबिओ वाढायचा की भिंतीवर टांगायचा,
एकदा काय ते ठरव.
गोल वस्तूला मी काय चौकट करणार!
तारेचे आकडे वळून दिले. त्याचे पैसे घेतले नाहीत.

परवा आली ती ओली घडी काखेत घेऊन.
लादीवर साबणाचं पाणी ठिबकत होतं.
लोकर थापून, चोळून, लाटून केलेला नमदा,
मधोमध थोडी काळपट, बाकी पिवळी पडलेली.
आईच्या गादीतली आहे, म्हणाली.
उन्हाळ्यात अंगणात पिंजून वाळवायची ना, तीच.

वाळली की आकसेल, मी म्हणालो.
किती?
तुला माहीत.
मला नाही. ते तिला माहीत असायचं.

मी एक बोट जागा सोडून चौकट ठोकली.
नमदा आकसला दोन बोटं, तोही एकाच बाजूने.
आता तिथून माझ्या दुकानाची भिंत दिसते,
पोपडे आलेली.
दुसरी करून देतो म्हटलं,
तर त्सिआला त्या फटीत बोट घालून उभी,
बराच वेळ,
काही मोजत असावी तशी.