दुसरा भूपाल चौगुले

वाचनालयात आम्ही दोघे
एकाच पिवळ्या कार्डावर:
'शेवटचा थांबा बुधगाव', कविता.
'द्राक्षावरील भुरी : ओळख व उपाय', आवृत्ती सहावी.

माझी पहिलीच संपेना. गठ्ठे पलंगाखाली,
महापुराची रेघ अंगावर घेऊन.

फोन मात्र मलाच, पहाटे, मणेराजुरीहून:
"सायेब, पानावर पांढरं आलंय, गंधक मारू का?"
आधी म्हणायचो, राँग नंबर.
मग त्याचं पुस्तक विकत आणलं.
आता सांगतो, ऊन चढायच्या आत मारा,
पानाच्या पाठीलाही लागू द्या.

परवा मार्केट यार्डात, हळदीच्या सौद्यात, भेटला.
हात मिळवला, माझाही पिवळा झाला.
म्हणाला, "तुमचं एक पत्र माझ्याकडं आलंवतं.
जतच्या बाई. मालक गेल्यावर
तुमची कविता वाचली म्हणे."

"मग?"

तो हळकुंड मोडत राहिला.
"मला काय येतंय त्यातलं?
लिहिलं, खरड छाटणी झाली की वेल रडते, बाई.
डोळ्याच्या वर कापलं, तिथनं पाणी गळतं.
बांधायचं नसतं. थांबतं आपोआप.

खाली सही केली.
तुमचीच झाली म्हणा ती."