प्लगची टोपी

शुक्रवारची दुपार. उस्ताद नमाजला गेलेले.
उदगीरच्या बिदर रोडवर ऊन असं
की पाना उचलायचा तर आधी फडकं शोधायचं.
शाळेची ओम्नी. पुढची सीट उचलली
तर इंजिनावर खडूची पूड, बिस्किटाचा चुरा,
कुण्या पोरीची निळी रिबीन.

तिसरा जुना प्लग काढला, नवा हातात घेतला.
त्याच्या डोक्यावरची पितळी टोपी ढिली,
तुरीच्या दाण्याहून जराशी मोठी.
बोटांना ग्रीस.
टिण्.
मग आतून, खालून, अजून एक बारीक टिण्.
त्यानंतर काहीच नाही.

हरभऱ्याची पोती घेऊन एक टेम्पो गेला.
कुणी बघितलं नव्हतं.
प्लग आवळला असता तर भोक बुजलं असतं.
तसल्या टोप्या डब्यात होत्या पंधरा-वीस.

डोळा लावला की उजेड अडतो,
उजेड धरला की डोळा मावत नाही.

शरणाप्पा चहा पिऊन आला, गमजानं तोंड पुसत.
"झालं का रे? सेल्फ मारून बघू?"
आणि हात चावीकडं.

"नको!"

दोन वर्षांत या गॅरेजात माझा एवढा मोठा आवाज
कुणी ऐकला नव्हता. मीसुद्धा.
मग सांगावंच लागलं.

उस्ताद आले, डोक्यावर नमाजची टोपी तशीच.
मी मान आत ओढून घेतली.
"सेल्फ मारा क्या?"
"नाही."
"हौ. मग जित्ती हाय गाडी."

रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक
मी तारेला बांधूनच ठेवलं होतं.
त्यांनी बघितलं नुसतं. "पितळ हाय, बाबा.
पितळ त्याचं ऐकत नाही."

चौथा गिअर. शरणाप्पा मागून, मी बाजूनं.
बोटभर ढकल, थांब, बोटभर.
भोकात सोडलेली सायकलची तार वर येऊ लागली,
झोपलेल्या माणसाची छाती येते तशी.
"बस. पुरा वर नक्को, चेंगरंल."

मागच्या बाभळीचा डिंक
उस्तादांनी दाढेखाली धरून मऊ केला,
तारेच्या टोकाला लावला.
"डिंक आत राहिला तर जळून जाईल.
टोपी जळत नसती."

आधी नुसतं काजळ आलं.
मग काजळच.
शाळा सुटायला वीस मिनिटं, शरणाप्पा घड्याळ बघायलाय.
पाचव्यांदा पिवळं काहीतरी काठाशी आलं
आणि सुटलं.
टिण्.
या वेळी तिघांनी ऐकलं.

किती वेळानं ते माहीत नाही,
टोपी माझ्या तळहातावर होती,
डिंकानं चिकट, कोमट.
उस्तादांनी पक्कड पुढं केली. "हीच लाव. आवळून."
आणि चावीही माझ्याकडंच दिली.

गाडी एका सेल्फमध्ये लागली.
शरणाप्पा गेलासुद्धा.
मी मात्र त्या आवाजात, रस्त्याच्या वळणापर्यंत,
ते बारीक टिण् शोधत उभा.

रात्री चड्डी धुवायला काढली,
तर खिशात निळी रिबीन.